घरच्या रेकॉर्डिंगसाठी माइक बूस्टर घ्यावा का?

तारवाला

घरी कथावाचन किंवा पॉडकास्ट सुरू करणारे बरेच जण आधी शुअर एसएम७बी हा माइक घेतात. मग आवाज बारीक येतो म्हणून धास्तावतात आणि क्लाउडलिफ्टर, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणारा बूस्टर, शोधायला लागतात. माझं मत: नवा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) असेल तर हा खर्च करू नका.

एसएम७बी सिग्नलच फार थोडा देतो, ९४ डेसिबलच्या आवाजाला १.१२ मिलिव्होल्ट. म्हणून शुअर त्याच्यासाठी किमान ६० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) सुचवते. स्कारलेट सोलो या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल मिळायचा, तिथे ओढाताण व्हायची. चौथ्या पिढीच्या स्कारलेट २आय२ मध्ये ६९ आहे. म्हणजे ज्यासाठी बूस्टर लागायचा, ते काम इंटरफेसच करतो.

दुसरा मुद्दा खरखरीचा. १५० ओहमच्या माइकमध्ये नुसत्या उष्णतेमुळे उणे १३१ डीबीयूच्या (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) आसपास खरखर असतेच, ती कोणीच घालवू शकत नाही. चांगल्या इंटरफेसची मोजलेली खरखर उणे १२८ च्या जवळ असते. मधे उरतात जेमतेम तीन डेसिबल. जगातला सर्वोत्तम बूस्टर लावला तरी त्याहून जास्त फायदा होणार नाही.

त्यापेक्षा माइक २० सेंटिमीटरवरून १० वर आणा. सहा डेसिबल फुकट मिळतात आणि खोलीतला पंखा आहे तेवढाच राहतो.

अंतरा

आकडे बरोबर आहेत, पण ते दुकानातल्या नव्या इंटरफेसचे. माझ्यासारख्या अनेकींकडे जुना, कोणाकडून तरी घेतलेला इंटरफेस असतो. त्याचं गेनचं बटण शेवटच्या पावभागात फिरवलं की खरखर एकदम वाढते. तो बदलायचा तर बूस्टरपेक्षा जास्त पैसे जातात.

आणि बूस्टर म्हणजे फक्त क्लाउडलिफ्टर नव्हे. क्लार्क टेक्निक सीटी१ त्याच्या कितीतरी कमी किमतीत येतो आणि गेन तोच, २५ डेसिबल. फेटहेड २७ देतो, एसईचा डायनामाइट २८. शुअरनेही २०२३ मध्ये एसएम७डीबी काढला, आतच १८ किंवा २८ डेसिबलचा बूस्टर असलेला. गरज नसती तर बनवणाऱ्यांनीच तो का काढला असता?

माइक जवळ घ्या हे सांगायला सोपं आहे. मी वाचते रात्री, मुलं झोपल्यावर, दोन खोल्यांच्या घरात. आवाज चढवता येत नाही. तोंड माइकला चिकटवलं की प, फ, भ फुटतात आणि खालचा आवाज इतका फुगतो की हळवा प्रसंगही घुमायला लागतो. १२ सेंटिमीटरवरून सावकाश वाचायचं असेल तर कुठून तरी गेन आणावाच लागतो.

गच्चीवरचा

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हे सगळे बूस्टर ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्याच तारेतून मिळणाऱ्या विजेवर, चालतात, मिक्सरवर ते बटण नसेल तर काहीच होणार नाही. आणि 'फँटम पॉवर सप्लाय' नावाचा स्वस्त डबा हा बूस्टर नव्हे. तो फक्त ४८ व्होल्ट देतो, आवाज वाढवत नाही. लोक हमखास तोच मागवतात.

तारवाला

अंतराताई, जुन्या इंटरफेसची अडचण मला मान्य आहे. पण खरखर नक्की कुठून येते हे न बघता पैसे घालवायला माझा विरोध आहे. एक साधी चाचणी करा. वाचताना असतो तेवढाच गेन ठेवून गप्प राहून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग माइक गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि पुन्हा तेवढंच करा. आवाज बराच कमी झाला तर खरखर तुमच्या खोलीची आहे: पंखा, फ्रिज, रस्ता. बूस्टर ती तेवढीच वाढवून देईल. जराही फरक पडला नाही तरच दोष प्रीअँपचा, म्हणजे इंटरफेसमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा.

इंटरफेस स्वच्छ असून नुसता आवाज बारीक असेल, तर २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे २४ डेसिबलपर्यंतच आला तरी बिघडत नाही. नंतर संगणकात वाढवा, एक पैसा लागत नाही.

अंतरा

गोधडीची चाचणी करून झाली आहे. पंखा बंद, फ्रिज बंद, माइक कपाटात, आणि 'स्सस्स' जशीच्या तशी. सीटी१ लावल्यावर बटण निम्म्यावर आणता आलं आणि ती खाली गेली. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबलच्या एसीएक्स या मंचाची अट आहे की शांततेतली पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली हवी. बूस्टरशिवाय माझं वाचन तिथे बसत नव्हतं, आता बसतं. नंतर संगणकात वाढवलं असतं तर तीच खरखर वर आली असती.

रानवाट

तुम्ही दोघंही एसएम७बी धरून बसला आहात. हळू आवाज आणि लांबचं अंतर हेच काम असेल तर माइकच दुसरा घ्या. मी गावाकडे आजीच्या वयाच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतो. जातं फिरत असताना त्यांच्या तोंडापुढे माइक धरताच येत नाही. रोडे एनटी१ सारखा कंडेन्सर (फँटम पॉवरवर चालणारा, जास्त सिग्नल देणारा माइक) त्याच आवाजाला ३५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एसएम७बीपेक्षा ३० डेसिबल जास्त. बूस्टरहून जास्त गेन माइकमध्येच, आणि किंमत एसएम७बीपेक्षा कमी.

अंतरा

ओव्यांसाठी पटलं. पण आमच्या इमारतीत कंडेन्सर लावला तर शेजारचा कुकर, खालची रिक्षा, सगळं येतं.

रानवाट

कंडेन्सर जास्त ऐकतो हा समज मला खोडायचाच आहे. अंतर तेच, दिशा तीच, आणि नंतर तुमच्या आवाजाची पातळी सारखी केली, तर कुकर दोन्हीत जवळपास तेवढाच येतो. फरक वाटतो तो लोक कंडेन्सर हातभर लांब ठेवतात म्हणून. एनटी१ १२ सेंटिमीटरवर, थोडा तिरका, पुढे प-फ चा फुत्कार अडवणारी जाळी लावून ठेवून बघा.

अंतरा

जाळी आहे माझ्याकडे. पण नवा माइक घ्यायचा म्हणजे पुन्हा पैसेच, आणि धागा स्वस्तातल्या उपायाचा आहे. ज्याच्याकडे एसएम७बी आणि जुना इंटरफेस आधीच आहे, त्याला मी सीटी१च सांगेन.

तारवाला

आणि मी सांगेन: आधी गोधडी, मग सीटी१.