‘सर्व्हायव्हर’ला मराठीत काय म्हणाल?

वेलांटी: एक मजकूर मराठीत करतेय, या एका शब्दावर अडलेय. विषय कॅनडातल्या निवासी शाळांचा. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून मिशनऱ्यांच्या शाळांत ठेवायचं, स्वतःची भाषा बोललं की शिक्षा. सुमारे दीड लाख मुलं यातून गेली. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हैदा या मूळनिवासी समाजातले शिल्पकार जेम्स हार्ट यांनी लाल सीडरचा ५५ फुटी खांब कोरलाय, १ एप्रिल २०१७ला उभारला. मध्यावर शाळेची इमारत, तिच्यावर गणवेशातली मुलं. त्यांना पावलंच नाहीत, पायाखाली जमीन राहिली नव्हती म्हणून. शाळेत दगावलेल्या मुलांसाठी हजारो तांब्याचे खिळे ठोकलेत, त्यांतले काही सर्व्हायव्हरांनी स्वतःच्या हाताने. आता यांना म्हणू काय?

जुनाकोश: ‘पीडित’ रुळलाय की.

वेलांटी: पीडिताच्या हातात हातोडा दिसत नाही हो.

काना_मात्रा: ‘वाचलेले’, ‘बचावलेले’ही नको. ‘बस दरीत कोसळली, तिघे बचावले’ असं वाटतं. अपघात क्षणाचा असतो, इथे वर्षंच्या वर्षं गेली.

जुनाकोश: मग ‘हयात माजी विद्यार्थी’?

काना_मात्रा: ही तर स्नेहसंमेलनाची पत्रिका झाली!

शिरोरेघ: जरा अवांतर. ‘निवासी शाळा’च ठेवा, कोणी ‘आश्रमशाळा’ सुचवलं तरी ऐकू नका. आपल्याकडे आईबाप मुलाला तिथे नेऊन घालतात. कॅनडात १९२० साली कायद्यानेच सक्ती केली. शब्द ओळखीचा वाटला की वाचक पुढे विचार करत नाही.
मूळ प्रश्नाबद्दल: या शाळांची चौकशी करणाऱ्या तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी ८२वी म्हणते, प्रत्येक प्रांताच्या राजधानीत स्मारक हवं, सर्व्हायव्हरांसाठी आणि गमावलेल्या मुलांसाठी. म्हणजे शब्द असा हवा की गेलेले आणि राहिलेले वेगळे कळतील. ‘पुरून उरलेले’ कसं वाटतं? त्या शाळांना पुरून उरले. यात दया नाही, कणा आहे.

काना_मात्रा: अर्थ चपखल. पण ‘पुरणे’ म्हणजे गाडणेही. शाळेत दगावलेल्या मुलांच्या खुणा नसलेल्या कबरींच्या विषयात हा शब्द? अंगावर काटा आला.

शिरोरेघ: खरंय. माझ्या डोक्यातच आलं नाही. मागे घेतो.

वेलांटी: शेवटी नाम सोडून दिलं, वाक्यच फिरवलं: ‘त्या शाळा सोसून जे जगले, त्यांनी हे खिळे ठोकले.’ पुढे सगळीकडे नुसतं ‘सोसून जगलेले’. शीर्षकात मात्र बसत नाहीये, तिथे बहुधा ‘सर्व्हायव्हर’च जाईल.