क्विन्सीचा बाण लागला की आत्मा खरंच संपतो, की हे शिनिगामींनी पसरवलेलं आहे? (ब्लीच, स्पॉयलर भरपूर)

रेशी_राव

ज्यांचं थाउजंड इयर ब्लड वॉर, म्हणजे ब्लीचचा शेवटचा भाग, बघायचं बाकी आहे त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर शिव्या घालायच्या नाहीत.

तर ब्लीच परत पहिल्यापासून वाचायला घेतलाय, तिते कुबोचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, जंप साप्ताहिकात २००१ ते २०१६ चालला, ७४ खंड. पहिल्यांदा वाचताना जे मुकाट गिळलं होतं ते या वेळी घशात अडकतंय. नियम सगळ्यांना माहितीय तरी नव्या लोकांसाठी सांगतो. माणूस मेला की आत्मा, तो भरकटला तर हॉलो, म्हणजे मास्कवाला राक्षस. शिनिगामीने, म्हणजे आत्म्यांची राखण करणाऱ्या योद्ध्याने, आपल्या झानपाकुतो तलवारीने हॉलो कापला की हॉलो असताना केलेली पापं धुतली जातात आणि आत्मा सोल सोसायटीत, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, जातो. जिवंतपणीच कुणी हरामखोर असेल तर मात्र नरकाचं दार उघडतं, पोपटात पोराचा आत्मा डांबणाऱ्या त्या श्रीकर नावाच्या हॉलोचं झालं तसं. आणि क्विन्सीने, म्हणजे हॉलो मारणाऱ्या धनुर्धारी माणसाने, बाण मारला की आत्मा कुठेच जात नाही, साफ नष्ट. त्यामुळे दोन्ही जगांतला तोल बिघडतो आणि म्हणून दोनशे वर्षांपूर्वी शिनिगामींनी क्विन्सींचा वंशच संपवला.

आता माझा मुद्दा असा की ही माहिती आपल्याला देतं कोण? ज्यांनी कत्तल केली तेच! आणि दुसरं, या सगळ्या विश्वात आत्मा, माती, भिंती, तलवारी सगळं रेशीचं, म्हणजे आत्मिक कणांचं, बनलंय. सोल सोसायटीत कुणी मेलं की त्याच्या शरीराची रेशी होऊन तिथल्याच मातीत मिसळते. क्विन्सीचं तर सगळं तंत्रच आजूबाजूची रेशी गोळा करून तिचा बाण करायचा हे आहे. मग त्या बाणाने आत्मा फुटला तर त्याची रेशीच होणार ना, शून्य कसं होईल? माझ्या मते 'नष्ट' म्हणजे शिनिगामींच्या हिशोबातून नष्ट. सोल सोसायटीला आत्म्याची पडलेली नाहीये, सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागतंय त्याची पडलीय.

सेरेतेईचा_चौकीदार

राव, मांडलंयस छान पण दोन गोष्टींची खिचडी केलीयस. शरीराची रेशी होणं वेगळं आणि आत्मा पुढे जाणं वेगळं. सोल सोसायटीत मेलेल्याचं शरीर मातीत जातं, पण आत्मा माणसांच्या जगात परत जन्म घेतो, चक्र त्या जन्मामुळे चालतंय, मातीमुळे नाही. बाणाने रेशी उरत असेलही, उरू दे की, पण परत जन्माला येणारं कुणी उरत नाही आणि तोल त्याच्यामुळे जातो.

आणि 'शिनिगामींनीच सांगितलं' म्हणतोस तर क्विन्सी इशिदा उर्यू कुठे नाकारतो? नायक इचिगोशी, जो शिनिगामी झालाय, २४ तासांत कोण जास्त हॉलो मारतो अशी पैज लावतो, आमिषाची गोळी फोडून अख्खं शहर हॉलोंनी भरून टाकतो, शेवटी मेनोस ग्रांदे हा महाकाय हॉलो येतो तेव्हा कुठे दोघांची तंतरते. या सगळ्यात त्याचा राग कशावर आहे? आजोबांवर पाच हॉलो तुटून पडले आणि शिनिगामी दोन तास उशिरा पोचले, यावर. आमचे बाण आत्मा संपवत नाहीत असं तो एकदाही म्हणत नाही. स्वतः आजोबासुद्धा शिनिगामींबरोबर मिळून काम करायला हवं म्हणायचे. घरातल्या क्विन्सीलाच मान्य आहे, आपण कशाला वकीलपत्र घ्यायचं.

फिलर_भक्त

मला वाटलं धागा बाऊंटवर, म्हणजे मांगात नसलेल्या अॅनिमेच्या भागावर आहे. निराश होऊन परत जातोय.

बाराव्या_डिव्हिजनचा_उंदीर

चौकीदार म्हणतात ते बरोबर, पुरावा मात्र त्यांनी सोडलाच. ब्लड वॉरच्या सुरुवातीला क्विन्सी हॉलो मारत सुटतात आणि तोल जायला लागतो, तेव्हा मायुरी या शिनिगामी कॅप्टनची बारावी डिव्हिजन काय करते? रुकोंगाईतले, म्हणजे सोल सोसायटीतल्या साध्या आत्म्यांच्या वस्तीतले, २८,००० लोक मारून टाकते. गुन्हा काय त्यांचा, तर काही नाही, आकडा जुळवायचा होता. आता राव म्हणतोय तशी ती नुसती थाप असती तर स्वतःच्याच हद्दीतली एवढी माणसं कोण मारेल? शत्रूला बदनाम करायला लोक खोटं बोलतात हे मान्य, पण त्या खोट्यासाठी आपलं घर कुणी जाळत नाही. तोल खरा आहे म्हणूनच मायुरीने ते केलं, तो माणूस भावनेच्या भरात काही करणाऱ्यातला नाहीच.

रेशी_राव

उंदीरभाऊ, २८,००० तर माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत! कोणते २८,००० मारायचे ते ठरलेलं होतं का? नव्हतं. म्हातारी, पोरं, कुणीही चालणार होतं. इकडून उचलले की ते तिकडे जन्म घेणार, काटा सरळ. म्हणजे या व्यवस्थेत आत्मा ही व्यक्ती नाहीच, वजन आहे. मग 'क्विन्सी आत्म्यावर अन्याय करतात' हे गळे काढणं कशासाठी? सरळ सांगा ना, आमचा काटा हलतो म्हणून तुम्हाला मारलं. मायुरी निदान तोंडावर तरी सांगतो. इशिदासमोर त्याच्या आजोबांचा फोटो टाकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक रेष हलत नाही, प्रयोगाचा नमुना होता म्हणे. अशा लोकांकडून आत्म्याच्या पावित्र्याचे धडे मी तरी घेणार नाही.

मास्कफुटका

तुम्ही दोघं नीतिशास्त्र करताय, मला वाटतं हा प्रकार रसायनशास्त्राचा आहे आणि कुबोने तो बऱ्यापैकी नीट बांधलाय, फक्त तुकडे लांब लांब फेकलेत.

हॉलोची शक्ती क्विन्सीला विष आहे, कारण त्यांच्या आत्म्यात तिच्याविरुद्ध प्रतिकारच नाही. शिनिगामी हॉलोमय झाला तर व्हायझार्ड, म्हणजे हॉलोशक्तीचा शिनिगामी, तरी होतो, मरता मरता का होईना सांभाळतो. इचिगोची आई मासाकी, शुद्ध रक्ताची क्विन्सी, तिला व्हाइट नावाच्या त्या हॉलोने बाधा केली तर तिच्या आत्म्याची हद्दच विरघळायला लागली. आतला आत्मा आणि बाहेरचं जग यातली भिंत पडते आणि आत्मा स्वतःला संपवतो, शिनिगामी शास्त्रज्ञ उराहारा याला आत्म्याची आत्महत्या म्हणतो. वाचवायला काय करावं लागलं तर इचिगोच्या बापाला, इश्शिनला, स्वतःचं शिनिगामीपण गहाण टाकून तिच्याशी बांधून घ्यावं लागलं, विरुद्ध टोकाचा आत्मा जोडून तोल धरायचा म्हणून.

मग ब्लड वॉरमध्ये क्विन्सींनी कॅप्टनांचे बांकाई, म्हणजे तलवारीचं शेवटचं रूप, चोरले तेव्हा उराहाराने काय पाठवलं आठवा, काळ्या गोळ्या. कॅप्टन हित्सुगाया गोळी घेतो, बांकाई क्षणभर हॉलोमय होतो आणि ज्याने चोरला त्या त्सांग दूला तो पचतच नाही, झक मारत परत करावा लागतो. म्हणजे विष फक्त शरीराला नाही, चोरलेल्या शक्तीतूनही लागतं.

आता हेच उलटं करून बघा. हॉलो क्विन्सीला विष, तर क्विन्सीचा प्रकाश हॉलोला विष का नसेल? झानपाकुतो हॉलोला कापते म्हणजे मास्क आणि आत्मा वेगळे करते, कारण शिनिगामी आणि हॉलो यांचं मूळ एकमेकांत मिसळू शकतं. क्विन्सीचा बाण वेगळं करत नाही, दोन न जुळणाऱ्या गोष्टी आदळतात आणि हॉलोची हद्द फुटते. ती हद्द फुटल्यावर रेशी राहील, पण 'हा अमुक आत्मा' असं म्हणायला काही राहणार नाही. म्हणजे राव रेशीबद्दल बरोबर आणि चौकीदार आत्म्याबद्दल बरोबर. ही माझी थिअरी आहे हां, कुबोने असं कुठे सरळ लिहिलेलं नाही.

सेरेतेईचा_चौकीदार

मास्कफुटका, थिअरी झकास, पण मग बाण शिनिगामीला लागला तर? पहिल्या हल्ल्यात क्विन्सींनी हजारावर शिनिगामी मारले, उपकॅप्टन सासाकिबे गेला, खुद्द सरसेनापती यामामोतो गेला. ते परत जन्मणार की संपले? तुझ्या थिअरीप्रमाणे शिनिगामी आणि क्विन्सी यांच्यात तशी विषारी झटापट नाही, म्हणजे ते वाचायला हवेत.

मास्कफुटका

हो, माझ्या हिशोबाने साधे शिनिगामी चक्रात परत जायला हवेत. कॅप्टनांचं मात्र भलतंच प्रकरण आहे. २०२१ ला वीस वर्षं झाली म्हणून कुबोने जो नरकाचा स्पेशल चॅप्टर काढला तो वाचलाय ना? तिसऱ्या किंवा त्यावरच्या दर्जाचा रेआत्सु, म्हणजे आत्मिक दाब, असलेला आत्मा मातीत विरघळतच नाही, इतका दाट असतो. म्हणून कॅप्टन मेल्यावर बारा वर्षांनी ते कोनसो रेईसाई हा विधी करतात. सगळ्यांना वाटत होतं आपण साहेबांना सन्मानाने निरोप देतोय आणि प्रत्यक्षात आत्मा जातो नरकात. कॅप्टन उकिताकेसाठी विधी चालू असताना नरकातून मेलेला शत्रू स्झायेलापोरो वर येऊन हे ऐकवतो, तेव्हा बिचाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

रेशी_राव

बघा!! हेच म्हणतोय मी कधीचा!!! आपल्याच कॅप्टनांचे आत्मे कुठे जातात हे ज्यांना हजार वर्षांत कळलं नाही ते दुसऱ्याच्या बाणाने आत्म्याचं काय होतं ते छातीठोकपणे सांगणार आणि आपण ते कॅनन, म्हणजे अधिकृत सत्य, म्हणून चिकटवणार.

बाराव्या_डिव्हिजनचा_उंदीर

अरे पण नरकाचं कळलं नाही म्हणून तोलाचंही कळलं नाही हे कुठलं लॉजिक. विधी चुकीचा निघाला कारण पलीकडचं दिसत नव्हतं. तोल बाराव्या डिव्हिजनला रोज मोजता येतो. मोजलेली गोष्ट आणि मानलेली गोष्ट यात फरक कर की भावा.

आणि एक, आत्म्यावरच्या हल्ल्यांचे ग्रेड आहेत हे सगळे विसरताय. सुरुवातीला कॅप्टन ब्याकुया इचिगोला दोन वार करतो ते साकेत्सु आणि हाकुसुईवर, म्हणजे रेर्योकु (आत्मशक्ती) जिथून येते त्या जागा. शक्ती गेली, आत्मा शाबूत, म्हणूनच पुढे उराहाराच्या विहिरीत त्याला सगळं पहिल्यापासून करता आलं. यामी या शत्रूने बागेत गोन्झुई केलं तेव्हा आजूबाजूच्या माणसांचे आत्मे ओढून गिळले, ताकीचा जीव तेवढा थोडक्यात वाचला. सगळ्यात वर क्विन्सीचा बाण. शक्ती तोडणं, आत्मा ओढणं, आत्मा मोडणं, तिन्ही वेगळे प्रकार आहेत. 'सगळं रेशीच तर आहे' म्हणून एका पोत्यात भरता येत नाही.

वाचनवेडी_ठाणेकर

तात्सुकी हो, ताकी नाही :) बाकी उंदीरदादांशी सहमत.

मी या सगळ्यात थोडं वेगळं म्हणणार आहे. रावला उत्तर द्यायला मायुरीची मोजणी लागतच नाही, इचिगोच्या वर्गातल्या ओरिहिमेचा भाऊ सोरा पुरेसा आहे. तो प्रसंग परत काढून वाचा. त्याने आणलेल्या केसांच्या पिना तिला बाळबोध वाटल्या, भांडण झालं, आणि त्या सकाळी तो निघाला तेव्हा रोजच्यासारखं दारात उभं राहून त्याला जाऊन ये म्हणायचं ते तिने पहिल्यांदाच म्हटलं नाही. तो अपघातात गेला. पुढे हॉलो होऊन आला तो याच रागात की ही मला विसरली, प्रार्थना करायची थांबली. आणि भानावर आल्यावर तो इचिगोच्या तलवारीने स्वतःच स्वतःला संपवतो, परत राक्षस व्हायच्या आत. इचिगो अडवायला बघतो, शिनिगामी रुकिया सांगते की हे मारणं नाही, धुणं आहे. मग ओरिहिमे त्याला ते राहून गेलेलं म्हणते. जाऊन ये, दादा.

आता तिथे इचिगोऐवजी इशिदा असता तर? बाण लागला, झालं. रेशी उरली काय आणि नाही उरली काय, त्या पोरीला ते वाक्य म्हणायला समोर कुणी नसतं आणि म्हणून अर्थही नसता. शिनिगामी खोटारडे असतील, मायुरी तर राक्षसच आहे, पण त्यांच्या तलवारीत आणि त्या बाणात फरक आहे आणि तो वहीतला फरक नाहीये.

रेशी_राव

ताई, प्रसंग मलाही आवडतो, पण सोरा गेला कुठे ते बघा ना. रुकोंगाईत! ओळखीचं कुणी नाही, अनोळखी लोकांत नवीन कुटुंब करायचं. नशीब फुटकं निघालं तर ७८ वा जिल्हा इनुझुरी, जिथे रुकिया आणि तिचा मित्र रेंजी पाण्यासाठी चोऱ्या करत वाढले, नाहीतर ८० वा झाराकी. तिथून कधीतरी मरून परत जन्म, ओरिहिमे आठवणार नाही, पिना आठवणार नाहीत. आणि मधे कधी मायुरीला आकडा कमी पडला तर त्या २८,००० मध्ये नंबर. मग उरलं काय सोराचं? धुऊन धुऊन कापडच विरलं तर ते स्वच्छ झालं म्हणायचं का? मला तर बाण जास्त प्रामाणिक वाटतो.

वाचनवेडी_ठाणेकर

प्रामाणिक? ज्याच्यावर मारला त्याला विचारून मारला का? सोराने स्वतः ठरवलं होतं. रुकोंगाई भिकार आहे हे मान्यच, ती सोल सोसायटीची लाज आहे. पण तिथे रुकियाला रेंजी भेटला, तिच्या बहिणीने मरेपर्यंत तिला शोधलं, म्हणजे मेल्यानंतरही काहीतरी घडायला जागा होती. आणि इशिदाच्या त्या २४ तासांच्या पैजेत जेवढे हॉलो पडले ते सगळे नुसते राक्षस होते का हो? त्यातही कुणाचा तरी दादा असणारच. राव तुम्ही आजोबांचा फोटो आणलात म्हणून हे विचारतेय.

सेरेतेईचा_चौकीदार

+१. आणि त्या पैजेतले बरेचसे हॉलो त्याने स्वतःच आमिष टाकून बोलावले होते, हे विसरू नका.

रेशी_राव

पैजेसाठी मारले ते चूक, तिथे इशिदाची बाजू घेणार नाही. शहर पण धोक्यात घातलं. पण बघा ना, कुबोनेही त्याला त्या बाणांचा हिशोब पुढे धड कुठे विचारलेला नाही, पैज संपली, मेनोस आला, इचिगोबरोबर दोस्ती झाली, विषय मिटला. मायुरीला २८,००० चा जाब विचारला गेला, इशिदाला नाही. लेखकाच्या लेखी तोल महत्त्वाचा असता तर उलटं व्हायला हवं होतं.

मास्कफुटका

मायुरीला जाब विचारला तरी शिक्षा कुठे झाली पण. उलट तोच यामामोतोला सुनावतो की हजार वर्षांपूर्वी तुम्ही क्विन्सींच्या राजाला संपवलं असतंत तर ही वेळ आली नसती.

फिलर_भक्त

परत आलो. श्रीकर नरकात गेला तो शिनिगामीच्या तलवारीने. इशिदाने मारला असता तर नरक वाचला असता का त्याचा?

बाराव्या_डिव्हिजनचा_उंदीर

...च्यायला. हा पहिला कामाचा प्रश्न आलाय या धाग्यात. राव, घे, दे उत्तर.