पिल्लू, रद्दी आणि फडकं: तुमच्याकडचे शी-शूचे किस्से लिहा

सांजवात
घरात रंगकाम चालूय. काल दिवाण सरकवला तर मागच्या प्लायवर तो जुना पिवळा डाग. रंगारी म्हणाला, ताई इथे पाणी झिरपतंय. म्हटलं, दादा ते पाणी नाही, तो आमचा कुत्रा, खारीक. 2011 चा डाग आहे. खारीक जाऊन दोन वर्षं होतील, पण त्या चौकटीला काही प्रायमर लावू दिला नाही मी, नवरा म्हणतो वेड लागलंय.
तर खारीक आला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा. डॉक्टरांनी बजावलेलं, लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर पाय ठेवू देऊ नका, पार्व्हो नावाचा जीवघेणा आजार होतो. म्हणजे चार महिन्यांचा होईपर्यंत सगळा कारभार घरात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाल्कनी दोन कुंड्या मावतील एवढी. मग हॉलभर रद्दी. पठ्ठ्या पेपरवर चारही पाय नीट ठेवणार, गोल फिरून वास घेणार, आणि मागचं टोक बरोब्बर पेपरच्या बाहेर! पेपर कोरडा, फरशी ओली. सासूबाई कडक सोवळ्यातल्या आणि पहिल्याच आठवड्यात देवघराच्या उंबऱ्यापाशी शी. त्या दिवशी काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्ही लिहा, रंगाच्या वासात बसलेय, जरा हसवा.

बंड्या_डोंबिवली
आमच्या राणीने पेपर म्हणजे शू हे इतकं मनावर घेतलं की बाबा सकाळी जमिनीवर पेपर पसरून वाचायला बसले की ही येऊन बसायची, तेही अग्रलेखावरच. बाबा म्हणायचे हिला कळतं.

मृणाल_क
फिनाईल बंद करा आधी!! आपल्याला वास गेला असं वाटतं, त्यांना शूचा वास येतच असतो, मग परत तिथेच. शिवाय पंजे चाटतात, ते पोटात जातं. मी व्हिनेगर पाणी निम्मं निम्मं करून पुसायचे. फक्त संगमरवरावर नको, आमचा उंबरठा पांढराफटक पडला, पॉलिश पार गेलं.

कोकणकडा
आमच्याकडे गावाला कसलं ट्रेनिंग, खळं पडलंय मोठं. प्रश्न यायचा जुलैत. मोत्या पावसात पाय ठेवायला तयार नाही, पडवीच्या टोकाला उभा राहून नुसता कण्हणार. मग आजोबा डोक्यावर इरलं घेऊन, हातातली छत्री मोत्याच्या डोक्यावर धरून माडापर्यंत जायचे. तो शांतपणे तीन माड हुंगणार, चौथ्यावर पाय वर. आजी पडवीतून म्हणायची, आमच्यासाठी कधी धरली नाही हो छत्री.

तर्रीपोहे
😂😂 छत्री

अनघा_मिनेसोटा
इथे उणे 20 मध्ये नवरा रात्री तीनला लुंगीवर जॅकेट आणि स्नोबूट घालून अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला करायचा, कारण हिला गवत दिसल्याशिवाय होत नाही. मी लहान बाळाला करतात तसं "शूऽऽ शूऽऽ" करून शिकवलं होतं. भारतात गेलो तेव्हा सांभाळणाऱ्या मुलीचा मेसेज, सकाळपासून बाहेर नेतेय पण ही काही करत नाही. मग आईकडून पुण्याहून शूऽऽचा व्हॉइस मेसेज पाठवला. फोन कानाशी धरला आणि झालं.

तर्रीपोहे
हसून झालं, आता माझं. लिहू की नको करत होतो. आमचा ब्रुनो पाच महिन्यांत एकदम शहाणा झालेला, दाराशी जाऊन बसायचा, सांगायचा. सात महिन्यांचा असताना अचानक घरात, दर अर्ध्या तासाला थेंब थेंब. मे महिना, नागपूरचं ऊन, दुपारी रस्त्याला पंजे भाजतात म्हणून बाहेर कमी नेत होतो, वाटलं त्याचा राग काढतोय. ओरडलो, एकदा नाक धरून फरशीवर घासलं, कोणीतरी सांगितलं होतं तसं करतात म्हणून. चौथ्या दिवशी शूमधे रक्त. इन्फेक्शन होतं, गोळ्यांनी बरा झाला. पण पुढे कितीतरी दिवस मला बघून सोफ्याखाली जायचा आणि तिथेच भीतीने शू. शिकलेलं कुत्रं अचानक चुकायला लागलं तर आधी डॉक्टर गाठा.

मृणाल_क
@तर्रीपोहे, अरे आमच्या आधीच्या पिढीत तर सगळेच नाक घासायचे. त्याला काय कळणार, दहा मिनिटांपूर्वीचं. आता कसा आहे?

तर्रीपोहे
नऊ वर्षांचा झालाय, माझी उशी घेऊन झोपतो.

केतकी77
सांजवात म्हणजे मागे करवंदाच्या लोणच्याचं लिहिलेलं ती तूच का? माझ्या लोणच्याला बुरशी आलीय, काय करू?

वैतागलेला_बाप
सध्या सव्वादोन महिन्यांचं पिल्लू घरी. मुलगी म्हणालेली सगळं मी करीन. मुलगी झोपलीय. रात्री किती वेळा उठवायचं?

बंड्या_डोंबिवली
ढोबळ हिशोब म्हणजे जितके महिने अधिक एक, तितके तास धरतात. म्हणजे तुम्हाला तीन. अलार्म लावा, आणि मुलीच्या खोलीत लावा 😄

कोकणकडा
पण सासूबाईंचं पुढे काय झालं?

सांजवात
तेरा वर्षांत एकदाही हात लावला नाही त्याला. सोवळं ते सोवळं. पण खरं शिकवलं त्यांनीच. मी ऑफिसला, घरात त्याच्याकडे बघत बसलेल्या त्या एकट्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की झोपून उठला की लगेच आणि दूध-पोळी खाल्ली की पंधरा-वीस मिनिटांत. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने वेळा लिहायच्या. नवरा घरी असला की स्वयंपाकघरातूनच त्याला हाक, "अरे उठलाय तो, उचल, ठेव पेपरवर!" झालं की लांबूनच पोळीचा तुकडा टाकायच्या. महिन्याभरात तो पेपरवर, आणि लसी झाल्यावर वापरलेल्या पेपरचा एक तुकडा खाली झाडाशी नेऊन ठेवला, तर वासावर दोन दिवसांत बाहेरचं जमलं. ती पानं आहेत अजून माझ्याकडे. "दु. 3.10 शू. 3.25 परत. लबाड."
@केतकी77, हो मीच. बुरशी आली असेल तर टाकून दे गं, मीठ कमी पडलं असणार.

वैतागलेला_बाप
आत्ता उठवून बाल्कनीत नेला, वीस मिनिटं उभा. काही नाही. आत आलो आणि चटईवर.

केतकी77
अख्खी बरणी टाकू??