लाकडाचं ल्युअर (गळाचा खोटा मासा) कुशीवर पडतंय, काय चुकतंय?

खाडीकाठचा: जिताडा मासा गरवायला घरीच ल्युअर बनवलंय, सागाचा तुकडा, ५ इंच, पुढे जुन्या सीडीची लिप (ओढताना ल्युअर बुडवणारी पट्टी). पाण्यात टाकलं की कुशीवर झोपतं आणि ओढलं की गरागरा फिरत येतं. मुलाबरोबर तीन संध्याकाळ घासलंय हो, टाकवत नाही. कोणी सांगेल का?

गरवणारा: पोटात शिसं घातलंस का? नसेल तर तेच कारण. पण लगेच भोक पाडू नको, आधी शिशाचा तुकडा रबरबँडने पोटाला बाहेरून बांध नि बादलीत सोड, पाठ वर राहीपर्यंत कमीजास्त करत, पुढेमागे सरकवत बघ, मग तिथेच भोक पाडून बसव. आणि साग जडच रे, पुढच्या वेळी पांगारा घे, हलका असतो नि चाकूने मस्त कापतो.

तांबोशीप्रेमी: लिप अगदी मधोमध आहे का तेही बघा, जराशी तिरकी असली तरी फिरतं. सीडी पातळ, दगडावर आपटली की तडकते, पॉलीकार्बोनेटचाच पण जाड तुकडा बरा. गळ नुसत्या स्क्रूवर लावू नका प्लीज, नाकापासून शेपटीपर्यंत स्टीलची एकच तार घाला, मोठा मासा खारफुटीच्या मुळांत घुसला की स्क्रू उपसून येतो आणि गळ त्याच्या तोंडात राहतो, बिचारा. रंगाआधी इपॉक्सीचा हात द्याच, लाकडात पाणी शिरलं की फुगतं.

खाडीकाठचा: शिसं बांधून बघितलं, सरळ तरंगलं!! पोरगं नाचतंय. आता तारेसाठी पोटाला चीर पाडतो.