मदत हवी आहे: १५ सेंटिमीटरच्या मनगटाला स्विस डायव्ह वॉच

सागरगोटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

वय ४१, मुक्काम पुणे, माहेर रत्नागिरी. गेल्या हिवाळ्यात तारकर्लीला ओपन वॉटरचा (स्कूबा डायव्हिंगचा पहिला) कोर्स केला. १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड हातात आलं आणि तेव्हापासून डायव्हिंगच्या घड्याळाचं खूळ डोक्यात बसलंय. यंदा बोनस बरा झाला. लेकाची फी, गाडीचा विमा बाजूला काढून ९० हजार उरतात, ते स्वतःवर उधळणार आहे. घरी सांगून झालंय, त्यामुळे त्या बाजूचे सल्ले नकोत. :-)

घड्याळ स्विस हवं, शक्यतो ऑटोमॅटिक (सेल नाही, हात हलला की आपोआप चावी बसते ते), आणि समुद्रात खरंच नेता येईल असं. मनगट जेमतेम १५ सेंमी.

परवा एका मोठ्या दुकानात गेले होते. डायव्ह वॉच म्हटल्यावर सेल्समनने थेट लेडीज काउंटरला नेलं आणि शिंपल्याची डायल, वर खडे जडवलेलं घड्याळ पुढ्यात ठेवलं. "३० मीटर वॉटर रेझिस्टंट आहे मॅडम, तुम्ही १८च जाणार ना?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. स्कूटरवरून घरी येताना चार सुचली.

तर प्रश्न असे. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ १८ मीटरला का चालत नाही? २०० आणि ३०० यांत माझ्यासारखीला फरक पडतो का? टिसोचं (टिसॉट म्हणायचं की टिसो?) ४३ मिमीचं सीस्टार हातात घालून पाहिलं, वाटी उपडी घातल्यासारखं दिसलं. लहान काय मिळेल? मावसबहीण बाझलला असते, ती आणायला तयार आहे, तिकडून घ्यावं का? आणि आजोबांचं फेवर-ल्यूबा सी किंग कपाटात आहे, चालू आहे. नावात 'सी' आहे म्हणून विचारते, ते पाण्यात न्यावं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

तांडेल

आधी कडू बोलतो. पाण्याखाली तुमचा जीव घड्याळ नाही, डायव्ह कॉम्प्युटर सांभाळतो (खोली-वेळ मोजून वर कधी यायचं ते सांगणारं यंत्र). तो स्वतःचा नसेल तर त्या ९०मधले आधी तिकडे जाऊ द्या. कॉम्प्युटर असेल तर घड्याळ हौसेचं आणि जोडीला आधाराचं. तसं मानून घ्या, मजा येईल.

आजोबांचं घड्याळ कपाटातच ठेवा. नावात 'सी' असला तरी आतलं रबर तुमच्यापेक्षा वयाने मोठं असेल.

दाबमापक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेटवर बहुतेक ठिकाणी चुकीचं मिळतं, म्हणून लिहितो.

"हात हलवला की दाब भयंकर वाढतो, म्हणून ३० मीटरचं घड्याळ पोहायलासुद्धा चालत नाही" असं सगळे सांगतात. गणित करून बघा. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला (पाण्यात तेवढा मारून दाखवाच) तर वाढणारा दाब साधारण ०.१३ बार, म्हणजे सव्वा मीटर पाण्याइतका. त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते रबराने. चावीजवळ, काचेखाली आणि मागच्या झाकणात रबरी रिंगा असतात. डायलवरचा आकडा या रिंगा नव्या असताना केलेल्या चाचणीचा असतो, आणि साध्या घड्याळांत प्रत्येक नग तपासलेला असतोच असं नाही, नमुन्यावर भागतं. पुढे ऊन, गरम पाण्याची आंघोळ, साबण, सनस्क्रीन यांनी रबर कडक होत जातं. आकडा डायलवर तसाच राहतो.

डायव्हिंगच्या घड्याळाचं मानक वेगळं आहे, आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ तपासतात आणि लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला. २०० मीटरवालं २५ बारला. शिवाय घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभराने पुसतात. आत धुकं दिसलं की नापास. अंधारात २५ सेंमीवरून वाचता आलं पाहिजे, खारं पाणी, धक्का, चुंबक हे सगळं त्यात येतं.

१८ मीटरला तुमच्या घड्याळावर पाण्याचा दाब १.८ बार. २०० की ३०० हा प्रश्न सोडून द्या. गेल्या वर्षभरात दाबचाचणी झाली का, एवढं बघा.

चावीवाला

आला माझा विषय. चहा ठेवून बसतो.

उच्चार टिसो. पण दुकानात टिसॉट म्हणा, नाहीतर तो दुसरंच काहीतरी काढून आणेल.

तुमच्या बजेटच्या आसपास तीन सख्खी भावंडं आहेत: टिसोचं सीस्टार १०००, मिडोचं ओशन स्टार २०० आणि सेर्टिनाचं डीएस अ‍ॅक्शन डायव्हर. तिन्ही कंपन्या स्वॉच ग्रुपच्या आणि तिघांच्या आतलं मशीन मुळात एकच, पॉवरमॅटिक ८०. जुन्या, नावाजलेल्या ईटीए २८२४वर बेतलेलं. मूळ मशीन तासाला २८,८०० ठोके टाकायचं आणि ३८ तास चालायचं. यात ठोके २१,६०० केले, स्प्रिंग लांबवली, त्यामुळे ८० तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर सोमवारी ऑफिसला जाताना चालू सापडतं. बदल्यात सेकंद काटा किंचित जास्त अडखळत फिरतो. मला ते खटकतं, बायकोला दिसतसुद्धा नाही.

सीस्टार १०००मधले १००० फूट आहेत, म्हणजे ३०० मीटर. तुम्ही पाहिलंत ते ४३चं. त्याचंच ४० मिमी येतं, ऑटोमॅटिकमध्येही आणि क्वार्ट्झमध्येही (म्हणजे सेलवर चालणारं). ३६ मिमीसुद्धा आहे, क्वार्ट्झ. मिडो दिसायला तिघांत देखणं, पण ४२.५ मिमी, तुम्हाला नको. मागच्या झाकणावर उठावातली स्टारफिश मात्र बघून घ्या.

माझं मत सेर्टिनाला. डीएस म्हणजे डबल सिक्युरिटी, १९५९पासूनचं नाव. झाकणावर कासव. ३०० मीटर, आयएसओ ६४२५, आणि मुख्य म्हणजे ३८ मिमीमध्ये मिळतं. अडचण एकच, आमच्या गावात ते मला एकाही शोकेसमध्ये दिसलं नाही.

पण व्यासावर जाऊ नका. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा. घड्याळाच्या वरच्या शिंगांपासून (पट्टा अडकतो ती टोकं) खालच्या शिंगांपर्यंतची लांबी त्यापेक्षा कमी हवी. जास्त झाली की पट्टा दोन्हीकडे हवेत लोंबतो आणि वाटी उपडी घातल्यासारखं दिसतं. ४० मिमीची दोन घड्याळं या मापात बरीच वेगळी निघतात, म्हणून घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जाडीही बघा, शर्टाच्या बाहीत जायला हवं.

'स्विस मेड'बद्दल एक. २०१७पासूनचा नियम असा की उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा, मशीन स्विस, आणि मशीन बसवणं व शेवटची तपासणी तिथेच. उरलेले ४० कुठूनही येऊ शकतात. शुद्ध तूप समजू नका.

बेझल, म्हणजे काचेभोवतीची मिनिटांच्या खुणांची कडी, एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, ते का ठाऊक आहे का? ब्लांपेन या स्विस घड्याळ कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जां-जाक फिश्टर स्वतः डुबक्या मारत. पाण्याखाली वेळेचं भान सुटलं आणि हवा संपत आली, अशा अनुभवातून १९५३चं फिफ्टी फॅदम्स हे डायव्हिंगचं घड्याळ जन्मलं. उतरताना बेझलवरचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणायचा. पुढे धक्का लागून बेझल सरकलीच, तर झालेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. तुम्ही लवकर वर येता, एवढंच नुकसान.

अवांतर: ते फेवर-ल्यूबा सर्व्हिसिंगला कुठेही टाकू नका. डायल रंगवून, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून विकायचा धंदा आपल्याकडे इतका जुना आहे की परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आजोबांच्या घड्याळाची मूळ डायल तशीच राहू द्या, पिवळी पडली असली तरी.

मनकवडा

तेवढ्याच पैशांत जपानी घड्याळ याहून दणकट मिळतं. सिटिझनचं प्रोमास्टर इको-ड्राइव्ह बघा, उजेडावर चालतं, सेल बदलायला दर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडायची भानगड नाही. (स्विस हवंय हे वाचलंय. तरी सांगितलं.)

खाडीपलीकडे

+१. आणि माझी फजिती.

माझंही २०० मीटरवालं स्विस क्वार्ट्झ. सेल संपला म्हणून नाक्यावरच्या दुकानात दिलं, दहा मिनिटांत हातात. झाकण बसवताना रिंग चिमटली होती, ते मला कसं कळणार? दाबचाचणीचं यंत्रच तिथे नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी मालवणला बोटीवरून उडी मारली, वर आलो तर सहाच्या आकड्यापाशी काचेच्या आतून तांदळाएवढा थेंब. बघता बघता सगळी काच दुधाळ झाली. बोटवाल्याने सांगितलं तांदळाच्या डब्यात ठेवा. तीन दिवस ठेवलं. तांदूळ खाल्ले, घड्याळ गेलं.

म्हणून सेल असो की सर्व्हिसिंग, झाकण उघडलं की दाबचाचणी मागायची. कोरडी चाचणी असते, हवेचा दाब देऊन काच किती वाकते ते यंत्र मोजतं. "लागत नाही हो" म्हणाला की उठायचं.

दुसरं, चावी. ती स्क्रूसारखी बसते. लावताना आधी हलकेच दाबून उलट फिरवा, आटा पडल्याची बारीक 'टक' बोटाला लागते, मग सुलट घट्ट करा. सरळ पिळली तर एखाद दिवशी आटे चढतात आणि ती चावी पुन्हा नीट बसत नाही. पाण्यात तिला हात लावायचा नाही. आणि रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलू नका, तेव्हा तारखेचं चाक गुंतलेलं असतं.

बर्फाळवाट

मी तिकडेच राहते, बहिणीच्या बाजूने लिहिते.

पर्यटकाने ३०० फ्रँकच्या वर खरेदी करून माल देशाबाहेर नेला तर ८.१ टक्के व्हॅट परत मागता येतो. तुमची बहीण इथली रहिवासी, तिला मिळणार नाही. शिवाय फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय, गुणाकार करूनच बोला. भारतात उतरताना ड्युटी-फ्री मर्यादेच्या वरचं सामान घोषित करावं लागतं. "हातात घालून आणलं की कोण विचारतंय" असं सांगणारे भेटतील, बहिणीला रेड चॅनेलपाशी (कस्टम्सला सामान घोषित करतात तिथे) उभं करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

भारताचा एफ्टा देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरची २२ टक्क्यांच्या आसपासची आयातड्युटी सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत जाईल. तोवर थांबायचं म्हटलं तर तुम्ही अठ्ठेचाळिशीत उडी माराल. घ्या आताच, पण अधिकृत विक्रेत्याकडून, शिक्का मारलेल्या वॉरंटी कार्डासकट.

सागरगोटी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. वाचनखूण साठवली. तांडेल, कॉम्प्युटर आहे, कोर्सनंतर पहिला तोच घेतला. मनगटाचा सपाट भाग मोजला, ४९ मिमी भरला. शनिवारी पट्टी पर्समध्ये टाकून दुसऱ्या दुकानात जातेय.

सागरगोटी (दोन महिन्यांनी)

अपडेट द्यायची राहिली. घेतलं! टिसो सीस्टार, ४० मिमी, ऑटोमॅटिक, निळी डायल. सेर्टिनावर जीव होता, पण घालून बघायला मिळेना आणि आंधळेपणी मागवायचा धीर झाला नाही. या दुकानातल्या मुलीने पट्टी बघून आधी हसू दाबलं, मग तीन घड्याळं काढून स्वतःच शिंगं मोजून दिली. दाबचाचणी इथेच होते का, सर्व्हिसिंगला अंदाजे किती लागतील, दोन्ही विचारून घेतलं.

स्टीलची चेन काढून रबरी पट्टा लावलाय. दिवसाला सहा सेकंद पुढे जातं. मध्ये एकदा अचानक दोन-दोन मिनिटं पुढे पळायला लागलं, घाबरून दुकानात नेलं. मोबाइलच्या कव्हरमधल्या मॅग्नेटने चुंबकत्व आलं होतं. तिने एका डबीवर धरलं, बटण दाबलं, झालं. पैसेही घेतले नाहीत.

मागच्या आठवड्यात तारकर्लीला दोन डाइव्ह झाल्या, १४ मीटर आणि १६ मीटर. पाणी जरा गढूळ होतं, तरी आकडे हिरवे लख्ख दिसत होते. थेंब नाही, धुकं नाही.

आता नवा प्रश्न. आल्यापासून बेझल फिरवताना कर्र असा आवाज येतो, आधी स्वच्छ टिकटिक यायची. वाळू गेली असेल का? तेल सोडू?

खाडीपलीकडे

तेल अजिबात नको, वाळू आणखी चिकटेल. चावी घट्ट आहे ना ते बघा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, त्यात घड्याळ दहा मिनिटं. मग वापरून मऊ झालेल्या टूथब्रशने बेझलच्या कडेने घासा आणि नळाखाली धरून बेझल पाच-सहा पूर्ण फेरे फिरवा. पुढच्या वेळी हे किनाऱ्यावरच करा, मीठ वाळायच्या आत.

सागरगोटी

केलं. बेसिनमध्ये तारकर्लीची चिमूटभर वाळू निघाली. टिकटिक परत आली.