विषय: गणपतीआधी मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्राची ऑनलाइन पार्टी - मुंबईहून करता येईल का?

नमस्कार मंडळी,

इथे न्यू जर्सीत मी शेजारणींच्या पॅम्पर्ड शेफच्या (ही स्वयंपाकाची भांडी-साधनं विकणारी कंपनी) ऑनलाइन पार्ट्यांना जाते, सगळ्याजणी आपापल्या किचनमधून बघतात, प्रश्न विचारतात, मग ऑर्डर देतात आणि जिने पार्टी ठेवली तिला विक्रीच्या हिशोबात काही वस्तू फुकट. मनात आलं आपल्या मोदकपात्राची, सोऱ्याची, विळीची अशी पार्टी का नको? पार्ल्याच्या मावशी, तुम्ही लिस्टवर आहात ना अजून?

---

आहे गं, रोज वाचते सगळं. आणि ही पार्टी करायचीच, मी इथून सगळं दाखवते.

पण आधी एक सांगते. टपरवेअर, म्हणजे ते प्लास्टिकचे डबे, अमेरिकेत सुरवातीला दुकानात नीट खपत नव्हतं कारण ते झाकण दाबून हवा कशी काढायची हेच लोकांना कळायचं नाही, मग ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी घरोघरी बायका जमवून हातात घेऊन दाखवलं आणि १९५१ मध्ये कंपनीने दुकानातून माल काढूनच घेतला, फक्त घरच्या पार्ट्या. भारतात ते १९९६ ला आलं, तेव्हा आमच्याकडेही हॉलमध्ये सतरंजी टाकून हेच चालायचं. सांगायचा मुद्दा, वस्तू ओळीने मांडून भाव वाचून दाखवायचे नाहीत, ती चालताना दिसली पाहिजे. आणि आपल्या वस्तूंना तर हे जास्तच लागू, कारण तिकडच्या मुलींनी पुरणयंत्र आईच्या माळ्यावर बघितलंय, फिरवलेलं नाही. पुरण गरम असतानाच यंत्रातून घालायचं, गार झालं की घट्ट होतं आणि हात भरून येतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं, एका पार्टीत तीनच वस्तू. झूमची फुकटची मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, तेवढा वेळ पुरे. सुरवातीला विळीवर नारळ खवून दाखवते, तिकडे फ्रोजन खोबऱ्यावर दिवस काढणाऱ्यांना तेवढंच बघून बरं वाटेल. मग उकडीच्या पाऱ्या, मोदक हळदीच्या पानावर ठेवून मोदकपात्रात, वाफ यायला १०-१२ मिनिटं लागतात त्या वेळात प्रश्नोत्तरं, आणि शेवटी झाकण उघडायचं सगळ्यांसमोर. सोऱ्या दाबायचा आणि फिरवायचा दोन्ही दाखवते, ज्यांचे हात दुखतात त्यांनी फिरवायचाच घ्यावा. एक फोन ओट्याच्या वर स्टँडला उलटा लावायचा, हात दिसले पाहिजेत, माझा चेहरा नाही दिसला तरी चालेल. माल मी भुलेश्वर आणि तांबाकाट्यावरून बघून ठेवते, भाव आधीच कळवते, आणि कुणी नुसतं बघायला आलं तर अगदी आनंदाने यावं, घेतलंच पाहिजे असं मनातही आणू नका. माझं कमिशन वगैरे काही नाही.

---

मावशी, ओहायोहून लिहितेय. माझी शेगडी इंडक्शन आहे, मोदकपात्र चालेल का? आणि ते शिशाचं काय ऐकतोय? कुरियरला किती पडेल?

---

तिन्ही प्रश्न अगदी बरोबर विचारलेस.

इंडक्शनवर ॲल्युमिनियम आणि पितळ तापतच नाही. स्टीलचं घ्यायचं पण तेही सगळं चालत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटला तरच. प्रत्येक भांड्याला मी कॅमेऱ्यासमोर चुंबक लावून दाखवेन. गोल बुडाची कढई काचेच्या शेगडीवाल्यांनी घेऊच नका.

शिशाचं खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडच्या एफडीएने, म्हणजे सरकारच्या अन्न-औषध खात्याने, बाहेरून येणाऱ्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या (ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू) भांड्यांतून शिसं अन्नात उतरू शकतं असा इशारा दिलाय. त्यामुळे शिजवायची भांडी आपल्या पार्टीत फक्त स्टीलची, सोऱ्यासुद्धा स्टीलचाच दाखवते. पितळेच्या पातेल्यांवर माझाही फार जीव आहे, पण घरात लहान मुलं आहेत तुमच्या, ती मी देणार नाही.

कुरियरवाले वजनापेक्षा खोक्याच्या आकाराचे पैसे लावतात, लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. म्हणजे ३० बाय ३० बाय २५ च्या खोक्याचे साडेचार किलो धरणार, आत मोदकपात्र कितीही हलकं असो. वर २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी गेली, तेव्हा छोट्या पार्सललाही ड्युटी. त्यापेक्षा ज्यांची माणसं मुंबई-ठाण्यात आहेत त्यांनी ऑर्डर त्यांच्या पत्त्यावर द्यावी आणि घरचं कुणी येईल तेव्हा त्यांनी आणावी. विकायचा माल मात्र दुसऱ्या कुणाच्या बॅगेत कोंबायचा नाही, कस्टमला त्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. विळी चेक-इनमध्येच, पात्याला जाड पुठ्ठा बांधून, केबिनमध्ये अजिबात नाही. मिक्सर कुणी मागू नका, इथे २३० व्होल्ट, तिकडे १२०.

शनिवारी मुंबईत रात्री साडेआठ धरू, म्हणजे न्यू जर्सी आणि ओहायोत सकाळी ११, कॅलिफोर्नियात ८. ज्यांना माझ्याबरोबर मोदक करायचेत त्यांनी तांदळाची पिठी बारीक बघून आणा आणि सारण आदल्या दिवशी करून ठेवा. झूमची लिंक शुक्रवारी टाकते.

पार्ल्याची मावशी