शाळेची जुनी इमारत खरंच भोसल्यांच्या काळातली का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव उमरेडच्या पुढे, मी राहतो नागपुरात. गावातल्या प्राथमिक शाळेची जुनी कौलारू इमारत उन्हाळ्यात पाडायचं ठरलंय. माझी हरकत नाही. सागवानी वासे वाळवीनं पोखरलेत, पोरांच्या डोक्यावर पडण्यापेक्षा बरं. फक्त ती केव्हाची हे नक्की करून तिथे एक पाटी लावावी, एवढंच आम्हा माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं.

भांडण तिथूनच सुरू झालं. म्हातारी माणसं म्हणतात, "हे भोसल्यांच्या टाइमचं काम हाय, बाप्पा!" मला पटत नाही. नागपूरचे शेवटचे भोसले राजे तिसरे रघुजी 1853 च्या डिसेंबरात वारले आणि 1854 मध्ये राज्य खालसा झालं. तेव्हा खेड्यात पंतोजींची शाळा भरायची ती कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात. शाळेसाठी वेगळी इमारत कोण बांधणार? मला वाटतं, 1861 साली इंग्रजांचा मध्य प्रांत झाला, त्यानंतरचीच ही.

हेडमास्तरांनी दाखल-खारीज रजिस्टरं (मुलं शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदी) काढून दिली. शाळा कुणाच्या ताब्यात होती ते शिक्क्यांवरून पाहत मागे गेलो: 1962 पासून जिल्हा परिषद, त्याआधी जनपद सभा (1948 च्या कायद्यातली), त्याआधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल. सगळ्यात जुन्या रजिस्टराची सुरुवातीची पानं कसरीनं खाल्लीत, उरलेल्या काही नोंदी मोडीत. तिथे गाडी अडली. रसेल यांचं 1908 चं जिल्हा गॅझेटियरही चाळलं, पण आमच्या टिचभर गावाला त्यात कोण विचारतो!

नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात शाळांचे कागद कुणी पाहिलेत का? अर्जात नेमकं काय मागायचं? आणि मोडी वाचून देणारं कुणी आहे का?

प्रतिसाद:
भाऊ, रजिस्टरावरून शाळेचं वय कळेल, इमारतीचं नाही. शाळा आधी दुसरीकडे भरत असेल तर? आधी जागेचा कागद काढा. रेकॉर्ड रूममध्ये जुन्या बंदोबस्ताची (जमीन मोजून सारा ठरवायचे त्याची) मिसल आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जागांची नोंद), दोन्हींच्या नकला मागा. एका बंदोबस्तात ती जागा पडीक अन् पुढच्यात शाळा लिहिलेली असेल तर मधली वर्षं हाती लागली. मोडीची पानं झेरॉक्सला दाबू नका, तुकडे पडतील. उजेडात फोटो काढा अन् इथे टाका, मी पाहतो.

धागाकर्ता:
निस्तार पत्रक डोक्यातच आलं नव्हतं! सोमवारी तहसीलला जातो. फोटो आज रात्री टाकतो.